टिकूची मोसंबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला नाही – इतकंच काय, चातुर्मासात साध्वीजींपुढे वर्षभराच्या चुका कबूल करायला बसले, तेव्हाही नाही. तिथे काय सांगितलं, माहीत आहे? एकदा दिवेलागणीनंतर चुकून पाणी प्यायले, ते सांगितलं. कामवाल्या बाईवर दोनदा ओरडले, तेही सांगितलं. साध्वीजींनी दोन उपवास दिले, ते मी आनंदाने केले. मोठी चूक पदराखाली ठेवायची आणि छोटी ताटात वाढून पुढे करायची – हा उद्योग मला चांगला जमतो.

घरात आम्ही मारवाडी बोलतो. सासरच्या लोकांना राजस्थानातून जालन्यात येऊन पाच पिढ्या झाल्या, तरी स्वयंपाकघरातली भाषा तीच. पण माझं माहेर परतूरचं आणि शाळा मराठी. पाढे मराठीत पाठ केले, भांडणंही मराठीतच केली. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. आणि खरं सांगू? आमच्या घरात मराठी कुणी हौसेने वाचत नाही, हेही त्यामागे आहे. बघा – कबूल करायला बसले तरी आडोसा शोधतेच आहे.

गोष्ट कुत्र्याच्या खाण्याची आहे. हसलात ना? मीही हसले असते. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यात लपवलेली एकमेव मोठी गोष्ट, आणि ती काय तर कुत्र्याने काय खाल्लं. पण थांबा जरा. मलाही ती बरीच वर्षं हसण्यावारी नेता आली होती.

नऊ वर्षांपूर्वी लेक कॉलेजात असताना तिने एक पिल्लू घरी आणलं. पांढरंशुभ्र, झुपक्यासारखी शेपटी, ओंजळीत मावेल एवढं. नाव ठेवलं टायगर. माझ्या सासूबाई – त्यांना आम्ही माँजी म्हणायचो – नाव ऐकून जपमाळ हातात धरून तशाच बसून राहिल्या. हिंस्र प्राण्याचं नाव या घरात घ्यायचं नाही, म्हणाल्या. कुत्रं राहिलं तर राहू दे, पण नाव बदला. टायगरचा टिकू झाला. आणि दुसरी अट अशी, की या उंबऱ्याच्या आत जे शिजतं तेच तो खाईल. आमच्याकडे कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. मांसाचं तर नावच काढू नका. सूर्य मावळला की स्वयंपाकघर बंद. टिकूचंही ताट सूर्य मावळायच्या आत.

तर टिकू दूधभाकरी, मुगाची खिचडी, उकडलेला दुधी भोपळा यांवर वाढू लागला. वाढू लागला म्हणजे – पोट वाढलं, बाकी काही वाढेना. चार-पाच महिन्यांचा झाला तेव्हा केस गळायला लागले. दिवसभर अंगणात पडून राहायचा आणि भिंतीचा चुना चाटायचा. लेकीची परीक्षा चालू होती. म्हणून मीच त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर भले होते. आमचं आडनाव ऐकलं आणि आवाज जरा खाली आणून बोलले. वाढतं जनावर आहे, नुसत्या दूधभाकरीवर अंग धरणार नाही. रोज एक उकडलेलं अंडं द्या. ते तुमच्याकडे चालणार नसेल तर मी पनीर, दही, डाळ यांचं प्रमाण लिहून देतो, औषधाच्या गोळ्याही देतो, पण ते काटेकोर पाळावं लागेल. त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. हे लक्षात ठेवा. मला दोन्ही ठाऊक होत्या.

मी अंडं निवडलं. का? कारण ते सोपं होतं. पनीर रोज बनवा, डाळ मोजा, गोळ्या सांभाळा – आणि माँजी प्रत्येक गोष्टीला विचारणार, कशाला? अंड्याला कुणी काही विचारणार नव्हतं, कारण अंडं कुणाला दिसणारच नव्हतं.

आमच्याकडे घरकामाला येणारी सुमन मूळची हसनाबादची. तिचा नवरा एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात कामाला. मी तिला मागच्या दारात हळूच सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "त्यात काय, भाभी. मी घरून उकडून आणते. टरफल घरीच टाकते. माँजीला बिलकुल कळू देत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून सुमनच्या पिशवीत एक छोटा स्टीलचा डबा येऊ लागला. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाआड, टिकू ते अंडं दोन घासांत संपवायचा. मग सुमन त्याचं तोंड पाण्याने धुऊन पदराने पुसायची, लेकराचं पुसतात तसं. महिनाभरात टिकू असा काही तकाकला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे.

या अंड्याचं मला पाप वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई एवढ्यावरूनच रडते आहे. मी ते खाल्लं नाही, शिजवलं नाही, आणि त्याच्यामुळे एक जीव उभा राहिला. रडायचं कारण पुढे आहे.

एक दिवस माँजी अचानक मागच्या अंगणात आल्या. सुमनच्या हातात डबा, टिकू शेपटी हलवत समोर. माँजींनी विचारलं, डब्यात काय आहे? सुमनने क्षणभरही विचार केला नाही. "मोसंबी हाये, माँजी. भावाच्या बागेतली. सोलून आनली टिकूसाठी." तिच्या भावाची हसनाबादला खरोखर मोसंबीची बाग आहे. माँजींनी माझ्याकडे बघितलं. कुत्रा आणि मोसंबी?

आणि मी म्हणाले – डॉक्टरांनी सांगितली आहे.

सुमनचं खोटं साधं होतं, वेळ मारून नेण्यापुरतं. त्यावर डॉक्टरांचा शिक्का मी मारला. त्या दिवसापासून आमच्या घरात अंड्याला मोसंबी म्हणू लागले. सकाळी माँजींसमोरच मी मोठ्याने विचारायचे, सुमन, टिकूची मोसंबी आणली का? सुमन गालात हसून म्हणायची, आणली की. आम्हा दोघींना त्यात गंमत वाटायची. वीस-बावीस वर्षांच्या संसारात सासूला फसवल्याची एवढी मजा मला कधी आली नव्हती. तेही कबूल करते.

मग माँजींनी ही गोष्ट स्थानकात नेली. स्थानक म्हणजे आमचं धर्म-ध्यान करायची जागा, तिथे बायकांचं मंडळ भरायचं. माँजींनी तिथे सांगितलं की आमचा टिकू चौविहार पाळतो, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही. शुद्ध शाकाहारावर आहे आणि बघा कसा दिसतो. आमच्या सुनेनं कुत्र्यालाही जैन केलं.

आमच्या सुनेनं. हा शब्द माझ्याबद्दल कौतुकाने मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या हाताच्या पोळ्या जाड, माझं बोलणं मोठं, माझं माहेर लहान – हे सगळं मी ऐकलेलं होतं. आणि आता बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? नाही, नका सांगू. मला ठाऊक आहे. मी नुसती भित्री असते तर तोंडाला कुलूप घालून बसले असते. मी बसले नाही. मंडळाने विचारलं तेव्हा मी उभी राहिले आणि कुत्र्याच्या नैसर्गिक, सात्त्विक आहारावर पंधरा मिनिटं बोलले. निसर्गाने जनावराला जे दिलं आहे ते... वगैरे वगैरे. लोकांनी लिहून मागितलं. मी सुवाच्य अक्षरात एक कागद लिहिला, "टिकूचा नैसर्गिक आहार". सकाळी दूधभाकरी. दुपारी मुगाची खिचडी, दुधी. संध्याकाळी सूर्यास्ताआधी दूधपोळी. आणि रोज एक मोसंबी. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत कुठे कुठे गेला. पनीर, दही, डाळीचं प्रमाण मी त्या कागदावर लिहिलं नाही. टिकू ते खातच नव्हता ना.

बहुतेक लोकांनी वाचलं, हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि विसरले. एका माणसाने विसरायचं सोडून तो कागद छापून भिंतीला लावला.

ते आमचे फुफासा. माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान. भोकरदनला बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आत्यासासूबाई गेल्या आणि त्या मोठ्या घरात ते एकटे उरले. मुलं सुरतेला. मुलं म्हणाली चला, तर म्हणाले, इथे मला लोक नावाने ओळखतात, तिथे मी कुणाचा तरी बाप. ते आमच्याकडे आले की टिकू त्यांच्या धोतराशी जाऊन बसायचा. एकदा म्हणाले, बेटा, असा एक जीव घरात असता तर संध्याकाळी दार उघडायला बरं वाटलं असतं. मीच चौकशी केली. टिकूच्या आईला पुन्हा पिल्लं झाली होती, त्यातली एक मादी मी स्वतः त्यांच्या मांडीवर ठेवली. टिकूसारखीच पांढरी. त्यांनी नाव ठेवलं लाडो. आत्यासासूबाईंना ते एकांतात लाडो म्हणायचे, हे मला फार नंतर कळलं.

फुफासा म्हणजे नियमाचे पक्के. कागदावर जे लिहिलं, ते घड्याळ बघून. सकाळी दूधभाकरी, दुपारी खिचडी, सूर्यास्ताच्या आत शेवटचं ताट. आणि रोज एक मोसंबी, भोकरदनच्या बाजारातून हाताने निवडून आणलेली.

आता मी जवळ आले आहे. लिहायला जड जातं आहे. मध्ये उठून दोनदा गॅस बघून आले, आणि गॅसवर काहीच नाही.

लाडो चार महिन्यांची झाल्यावर फोन सुरू झाले. आधी केस गळायचे. मग जिना चढताना पाय थरथरायचे. मग भिंत चाटते, बेटा. भिंत चाटते – हे शब्द ऐकले तेव्हाच मला कळलं. त्याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? मी तेच डोळ्यांनी बघितलं होतं, त्यावरचा उपाय मला ठाऊक होता, एक सोडून दोन उपाय ठाऊक होते. मी म्हणाले, दूध वाढवा. दूध वाढवल्यावर तिचं पोट बिघडलं. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी भिंतीवरचा कागद मागवून पाहिला आणि मोसंबीवर बोट ठेवून हसले. खायला बदला म्हणाले. फुफासांना तो अपमान वाटला. माझा अपमान. त्यांनी मला सांगितलं, "मी बोललो त्याला, आमच्या जालन्याच्या सुनेनं लिहिलंय हे. तिचा कुत्रा येऊन बघ. तू शिकला असशील, तिनं पाळून दाखवलंय."

तेव्हा तरी बोलायचं. तेव्हा तरी.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी सकाळीच फोन आला. मी मागच्या अंगणात होते. समोर टिकू अंडं खात होता – हे मी रचून सांगत नाही, तसंच होतं. फुफासा म्हणाले, "बेटा, एक पूछना था. लाडो मोसंबी तोंडात घेती अन् थुकून देती. मी रोज बराबर देऊन राह्यलो, पण एक फोड पोटात जाईना. टिकू कसा खातो? सोलून देती का अजून काही करती?"

आणि मी टिकूकडे बघत म्हणाले, "रस काढून द्या, फुफासा. चमच्याने."

हे ते वाक्य. एवढंच. पाच शब्द. मला त्या वेळी काही सुचलं नाही असं नाही. घाबरून तोंडातून निघून गेलं असंही नाही. मला नीट आठवतं – मी उत्तर शोधलं, आणि चांगलं उत्तर सापडल्याचं मला बरं वाटलं.

सुमन ऐकत होती. तिने टिकूचं तोंड पुसलं, डबा पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाभी, ते फुफाजी खरीच मोसंबी देऊन राह्यले ना. त्यायला सांगा ना, आपली मोसंबी म्हंजी काय ते." मी म्हणाले, सांगते. ती म्हणाली, "आजच सांगा." त्यानंतर ती आमच्या घरात कधी मोसंबी हा शब्द बोलली नाही. मी विचारायचे, मोसंबी आणली का? ती नुसती मान हलवायची. आमची गंमत तिच्यापुरती संपली होती.

मी सांगितलं नाही. का? ते अंडं देणार नव्हतेच, हे मी मनाला सांगायचे. खरंच दिलं नसतं त्यांनी. पण पनीर दिलं असतं. डाळ मोजून घातली असती, गोळ्या घड्याळ लावून दिल्या असत्या – असा माणूस काटेकोर पाळणार नाही तर कोण पाळणार? अंड्याचं नावही न काढता मी त्यांना ते सांगू शकत होते. पण मग ते विचारणार, हे तुझ्या कागदावर कसं नाही? टिकूला तर तू हे देत नाहीस? आणि ते माँजींना विचारणार. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला त्या एका प्रश्नाची भीती वाटली, आणि त्या भीतीपुढे एक पिल्लू मला लहान वाटलं.

पंधरा दिवसांनी कळलं की लाडो उठत नाही. गोचिडांमुळे ताप आला होता. मी आणि माझे यजमान गाडी काढून भोकरदनला निघालो. निघताना सुमन मागच्या दाराने आली आणि तिने माझ्या हातात तो स्टीलचा डबा दिला. त्यात दोन अंडी होती, सोललेली, कोमट. मी डबा पर्समध्ये टाकला.

फुफासांच्या ओसरीवर चटईवर लाडो पडली होती. वर्षाची झाली होती, पण सहा महिन्यांची वाटत होती. फुफासा तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेले, एका हातात वाटी, एका हातात चमचा. तिने दात घट्ट मिटलेले. रस ओठांवरून खाली ओघळायचा, ते धोतराच्या सोग्याने टिपायचे आणि पुन्हा चमचा भरायचे. हनुवटीखालचे तिचे पांढरे केस पिवळे पडले होते. कितीतरी दिवसांचे डाग असणार ते. तिला म्हणत होते, "पी ना बाळा. टिकू पितो."

मग ते आमच्यासाठी चहा करायला आत गेले. आम्ही नको म्हणालो, पण घरी आलेल्या सुनेला चहाशिवाय पाठवतील कसे? यजमानांना दुकानातून फोन आला, ते रस्त्यावर गेले. ओसरीवर मी आणि लाडो. पर्स माझ्या मांडीवर. लाडोने मान उचलली. नाक हललं तिचं. पर्सकडे. तिला कळलं होतं, डबा बंद होता तरी कळलं होतं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. पाच मिनिटं असतील, सात असतील. मी पर्सची चेन धरून बसले. माझ्या मनात काय होतं, सांगू? वास. त्या ओसरीवर अंड्याचा वास येईल आणि फुफासा बाहेर येऊन विचारतील, हा कसला वास.

मी पर्स उघडली नाही. उचलून पलीकडच्या खुर्चीवर ठेवली. लाडोने थोडा वेळ खुर्चीकडे पाहिलं, मग मान खाली टाकली.

घरी आल्यावर ती दोन अंडी मी टिकूला घातली. त्याने खाल्ली.

लाडो तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, ताप गोचिडाचा होता. हे वाक्य मी किती वर्षं उशाशी घेऊन झोपले आहे. ताप गोचिडाचाच होता. पण डॉक्टर पुढेही काही बोलले होते, ते फुफासांनीच मला निरागसपणे सांगितलं – अंगात लढायला काही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी माँजी गेल्या. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही. यजमानांना कळलं तर ते फार तर दोन दिवस अबोला धरतील. लेक तर हसेलच. म्हणजे माँजींच्या भीतीने गप्प होते म्हणावं, तर ती भीती सरणावर गेली. मी तरी गप्पच. तो कागद अजून कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असेल. तो मागे घ्यायलाही मी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत.

आमच्यात पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागतात. मिच्छामि दुक्कडम् म्हणतात – जाणतेपणी, अजाणतेपणी काही चुकलं असेल तर ते विफल होवो. आता बहुतेक लोक फोनवरच उरकतात. फुफासा मात्र दरवर्षी भोकरदनहून एसटीने येतात, ऐंशी ओलांडली तरी. आणि दरवर्षी त्यांच्या हातात नव्या बहराच्या मोसंब्यांची पिशवी असते. टिकूसाठी. माझ्या लाडोनं खाल्ली न्हाई, टिकूला तरी खाऊ दे, म्हणतात. मी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणते. ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात. म्हणतात, "तुझी काय चूक होणार, बेटा." टिकू पिशवी हुंगतो आणि निघून जातो. फुफासा म्हणतात, पोट भरलेलं दिसतं. ते गेले की मोसंब्या मी एकटी खाते, दोन-तीन दिवस.

या वर्षी वेगळं झालं. ते बसले, पाणी प्यायले, पिशवी टीपॉयवर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, आता पुढच्या साली मी येतो का न्हाई, ठाऊक न्हाई. एकदा माझ्यासमोर खाऊ घाल ना टिकूला. कुत्रा मोसंबी कसा खातो, मला एकदा बघायचंय. लाडोला मला जमलंच न्हाई."

सुमन दारात केर काढत होती. तिचा झाडू थांबला.

मी मोसंबी घेतली आणि सोलली. सावकाश सोलली. टिकू आता म्हातारा झाला आहे, एका डोळ्याने त्याला धूसर दिसतं. मला वाटलं, तो तोंड फिरवील. नेहमीसारखं हुंगेल आणि जाईल. मग फुफासा विचारतील आणि मग – मग मला सांगावंच लागेल. मी एक फोड त्याच्यासमोर धरली. खरं सांगते, त्याने तोंड फिरवावं असंच मला वाटत होतं.

टिकूने फोड हुंगली. वर माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं रोज सकाळी मी म्हणते, मोसंबी, आणि त्याला काहीतरी चांगलं मिळतं. माझ्या हातातून कधी वाईट आलेलं नाही त्याला. त्याने ती फोड घेतली, चावली, नाक मुरडलं आणि गिळली.

फुफासा हसले. डोळे पुसले त्यांनी. म्हणाले, "म्हंजी खातात. मंग चूक माझीच होती, बेटा. मलाच बराबर देता आली न्हाई तिला."

सुमन झाडू तिथेच ठेवून मागच्या अंगणात निघून गेली. फुफासा टिकूच्या पाठीवरून हात फिरवत होते. टिकू माझ्या हाताकडे बघत होता.

मी दुसरी फोड त्याच्यापुढे धरली.